ओठाचा उजवा कोपरा

माणसांचे चेहरे बघणं हा माझा धंदा आहे. गेली तीस वर्षं मी दिल्लीत पोर्ट्रेटं करतो. गुरुग्रामच्या एखाद्या कंपनीचे निवृत्त चेअरमन, कुणाचे वारलेले वडील, कुणाच्या सासूबाई, अशी कामं. नव्या पद्धतीचे चित्रकार मला पाठीमागे फोटोवाला म्हणतात आणि त्याचा मला मनस्वी राग येतो, कारण फोटोवरून मी फक्त गेलेल्या माणसांची चित्रं करतो आणि तीही नाइलाजाने. जिवंत माणूस समोर बसवावा, डोळ्यात तेल घालून बघावा आणि दिसेल तेवढंच रंगवावं, असं मला शिकवलेलं आहे. नाक केसभर सरकलं तरी मला चैन पडत नाही. ही बढाई आत्ताच मारून घेतो. पुढे तशी सोय राहणार नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि त्या दिवसापासून माझा डबा, माझी वेणीफणी नसली तरी माझे केस, माझी प्रगतिपुस्तकं, सगळं तिच्याकडे आलं. तिने लग्न केलं नाही. ते तुझ्यामुळेच, असं नातेवाईक मला ऐकवायचे. ती म्हणायची, "मला कोणी आवडला नाही, एवढंच. तू कशाला उगाच श्रेय घेतोस?" पहाडगंजच्या शाळेत तिने आयुष्यभर मराठी आणि गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर नोएडात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मी मात्र दिल्लीत, मुनिरक्यातच राहिलो. विद्यार्थी असताना उत्तरेच्या खिडकीतल्या स्थिर उजेडासाठी वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली होती, ती सुटलीच नाही. आता आजूबाजूला नगर, बीड, लातूरकडून आलेली, यूपीएससीचा अभ्यास करणारी मुलं राहतात आणि मला अंकल म्हणतात.

एवढ्या वर्षांत ताईचं चित्र मी केलं नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, "माझ्यात काय बघण्यासारखं आहे?" हे ती लाजून म्हणत नसे, तिला खरंच तसं वाटायचं. आरशाशी तिचं कधी जमलंच नाही. वेणी ती स्वयंपाकघरात दूध तापेपर्यंत घालायची आणि टिकली अंदाजाने लावायची, ती बहुतेक वेळा थोडी तिरकी असायची. घरात आरसा एकच, बेसिनवरचा, तोही पाण्याच्या डागांनी भरलेला. गेल्या दिवाळीला मात्र मी हट्टाला पेटलो. फेब्रुवारीत एक मोठं प्रदर्शन होतं आणि मला त्यात चेअरमन पाठवायचा नव्हता. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी ताटात ओवाळणी टाकली आणि म्हटलं, आता तू मला ओवाळणी दे, तीन महिने रविवारची सकाळ दे. ती हसली. "घे," म्हणाली. "पण मला सुंदर करू नकोस. मुलं ओळखणार नाहीत."

पहिल्या रविवारी मी कॅनव्हास, इझल आणि रंगाची पेटी घेऊन मेट्रोने नोएडाला गेलो. बाल्कनीच्या दाराजवळ तिची खुर्ची ठेवली आणि चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या, म्हणजे पुढच्या वेळी खुर्ची तिथेच येईल. माझ्या पायांच्याही खुणा केल्या. समोरच्या भिंतीवर एक खिळा ठोकून तिला सांगितलं, नजर इथे. असा सगळा बंदोबस्त केला की मग जे बदलेल ते फक्त कॅनव्हासवर बदलेल, ही आमची जुनी शिस्त. त्या दिवशी तिचा चेहरा तीन तासांत कॅनव्हासवर उतरला. असं फार क्वचित होतं. मोजूनमापून बघितलं, उलटा बघितला, पाठमोरा उभा राहून हातआरशात बघितला. कुठे चूक सापडली नाही. निघताना मी फोनवर एक फोटो काढला, ताई खुर्चीत आणि शेजारी कॅनव्हास, दोन्ही एकाच चौकटीत. घरी जाऊन ताडून बघायला असा फोटो मी प्रत्येक बैठकीनंतर काढतो.

तिसऱ्या रविवारी मला पहिली चूक सापडली. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी जाते, ती मी तिच्या उजव्या बाजूला फार खोल काढली होती. समोर ती उथळ दिसत होती. मी स्वतःवर चरफडलो. माझ्या गुरूंनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली आहे: समोर बसलेलं माणूस कधी चुकत नाही, चूक असते ती कॅनव्हासवर. मी पॅलेट नाइफने घडी खरवडली आणि नव्याने, हलक्या हाताने घातली.

पाचव्या रविवारी ओठाचा उजवा कोपरा खाली निघाला. खरं म्हणजे मी तो वर काढून ठेवला होता आणि समोर तो खाली होता. खुर्ची सरकली असेल म्हणून खुणा बघितल्या, खुर्ची जागेवर होती. मान झुकली असेल म्हणून मी तिची हनुवटी दोन बोटांनी सरळ केली. मग उजेडावर खापर फोडलं. दिल्लीतलं डिसेंबरचं धुरकं तुम्ही बघितलं असेल तर कळेल, त्यात सावल्यांच्या कडाच राहत नाहीत, माणूस फसू शकतो. पण मोजमाप फसत नाही. हात लांब करून, एक डोळा मिटून, ब्रशच्या दांडीने मी तीनदा माप घेतलं. कोपरा खालीच होता. तेव्हा मी कोपरा खाली घेतला.

याच सुमाराला एकदा ती मध्येच म्हणाली, "अरे, हल्ली चहा पिताना ओघळतो रे इथून. वय झालं बहुतेक."

मी म्हणालो, "ताई, बोलू नकोस. तोंडाची रेघ बदलते."

ती गप्प बसली. शाळेत चाळीस मुलांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण मी बोलू नकोस म्हटलं की बोलायची नाही. पुढे डोळ्याला पाणी येतंय असंही तिने एकदा सांगायला सुरुवात केली होती. मी हात वर केला आणि तिने ते वाक्य अर्धंच सोडलं. उरलेलं अर्धं काय होतं हे मी विचारलं नाही. चित्र रंगात आलं होतं आणि मला मध्ये कोणी नको होतं, तीसुद्धा.

त्या पाण्याने भरलेल्या डोळ्याबद्दल मला जास्त सांगायला हवं. उजव्या डोळ्याची खालची पापणी सैल झाली होती आणि तिच्या कडेला ओल साचून उजेडाचा एक बारीक ठिपका चमकायचा. मी तो पांढऱ्या रंगाच्या एका टोकाने, एका फटक्यात ठेवला. ठिपका बसला आणि चेहरा जिवंत झाला. मी अक्षरशः शीळ घातली. त्या दिवशी मेट्रोत मुनिरक्याला परत येताना मी स्वतःवर इतका खूष होतो की दोन स्टेशनं पुढे गेलो. नवव्या रविवारी कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात मी घातलेली सावली जास्त गडद वाटली. तिथे मांस बाहेर आल्यासारखं होतं, उजेड पकडत होतं. मी सावली उजळ केली. कपाळाची उजवी बाजू डावीपेक्षा गुळगुळीत होती, तीही तशी केली. एकेक चूक मी दुरुस्त करत गेलो आणि चित्र दर रविवारी जास्त खरं होत गेलं.

अकरावा रविवार संक्रांतीनंतरचा होता. ताईची एक जुनी विद्यार्थिनी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची. शाळेत असताना हिचं गणित कच्चं, आता गुरुग्रामच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत हिशेबांवर देखरेख करते. दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलते पण अर्धं हिंदीत. मी शेवटचा हात फिरवत होतो आणि बेल वाजल्यावर माझं टाळकं फिरलं. ताईला म्हणालो, तू हलू नकोस, मी उघडतो. ती मुलगी, मुलगी कसली, पस्तिशीची बाई, आत आली, वाकून ताईच्या पाया पडली, वर बघितलं आणि तिचा तिळगुळाचा हात तसाच राहिला.

"बाई, तुमचं तोंड असं का झालंय?"

"कसं?" ताई म्हणाली.

"वाकडं दिसतंय बाई. सच में. एका साइडला."

मी चिडलो. आल्या आल्या काहीतरी बोलायचं, आणि तेही खुर्चीत बसलेल्या माणसाला. म्हटलं, "काही वाकडं नाही. ती सरळच बसली आहे. ये, चित्र बघ."

ती इझलसमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मी कौतुकाची वाट बघत होतो, हे कबूल करतो.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पण वाकडंच काढलंय."

मी कॅनव्हासकडे बघितलं, मग ताईकडे, मग परत कॅनव्हासकडे. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा मी दोन्ही चेहरे एकदम बघितले आणि दोन्ही वाकडे होते. ताई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती आणि बिचारी अजून भिंतीवरच्या खिळ्याच्या दिशेने बसली होती, कारण मी अजून तिला ऊठ म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ताईला डोळे मिटायला सांगितले, गाल फुगवायला सांगितले, दात दाखवायला सांगितले. उजवी बाजू काहीच करत नव्हती. मग त्यांचं बोट सरळ तिच्या कानाखाली गेलं, जिथे मी सावली उजळ केली होती.

"ये गाँठ कब से है?"

"कुठली गाँठ?" ताई आधी मराठीत म्हणाली, मग, "पता नहीं डॉक्टर साहब।"

"और चेहरा? अचानक हुआ या धीरे-धीरे?"

"एक-दो हफ़्ते हुए होंगे।"

तिला तपासणीसाठी आत नेलं तेव्हा मी फोन काढला आणि अकरा फोटो डॉक्टरांसमोर धरले. ते एकेक सरकवत गेले. तिसऱ्यावर थांबले, पाचव्यावर बोटांनी फोटो मोठा केला.

"आपने तो बड़ा अच्छा रिकॉर्ड रखा है," ते म्हणाले. खरोखर कौतुकाने म्हणाले.

"तब आ जाते तो?"

त्यांनी फोन परत दिला. "अब ये मत सोचिए।"

कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीत कॅन्सर होता आणि चेहऱ्याची नस त्यातूनच जाते. नस वाचली नाही. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, मग छातीच्या फोटोत दिसायला नको ते दिसलं. आधी आला असतात तर ताई वाचली असती, असं मला कोणी सांगितलेलं नाही. नसती वाचली असंही कोणी सांगितलेलं नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी आजपर्यंत अडकून पडलो आहे. प्रदर्शनाचा अर्ज फाडला आणि कॅनव्हास ताईच्याच घरी, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मी मुनिरक्याहून रोज जायचो. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती, बिहारची, शांत आणि हाताने मऊ. ताईची बोली अस्पष्ट झाली होती, ओठ मिटणारी अक्षरं तिला जमत नव्हती, उजव्या डोळ्यावर पट्टी असायची. तरी डोकं जागच्या जागी होतं. आणि ती मला धीर द्यायची, ते मला सोसत नसे. "कोणालाच कळलं नाही रे," म्हणायची. "मी आरसा बघणारी नव्हेच. शेजारीण रोज जिन्यात भेटते, तिलाही दिसलं नाही. तुला तरी कसं कळणार?" हे वाक्य तिने किमान दहा वेळा म्हटलं असेल. प्रत्येक वेळी मी काहीतरी उचलायला वाकायचो, नाहीतर पाणी आणायला आत जायचो.

मे महिन्याच्या एका दुपारी पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता, आणि ती पुन्हा म्हणाली, तुला तरी कसं कळणार. मी म्हटलं, "ताई, तुला एक दाखवायचंय." का दाखवलं, याचं मी बरंच सोज्वळ उत्तर स्वतःला देऊन बघितलं आहे. खरं उत्तर एवढंच की ते मला एकट्याला पेलवत नव्हतं. मला मोकळं व्हायचं होतं. तिला काय हवं होतं याचा विचार मी केला नाही.

तिने चष्मा मागितला. फोन हातात घेऊन, पूर्वी वह्या तपासायची तशी, एकही पान न गाळता ती पहिल्यापासून अकराव्यापर्यंत गेली. मग मागे आली.

"हा कितवा?"

"तिसरा."

"इथली घडी गेलीय."

"हो."

"चित्रात आधी होती. तू पुसलीस."

"हो, ताई."

कूलरचं पाणी संपत आलं होतं, त्याचा आवाज बदलला होता.

"म्हणजे तुला दिसत होतं," ती म्हणाली.

"दिसत होतं. मला वाटलं माझंच चुकतंय."

"मी चहाचं सांगितलं होतं तुला."

"हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी मी तिचा हात धरला असता, पाय धरले असते. तिने फोन माझ्या हातात दिला, चष्मा काढून उशाशी ठेवला आणि म्हणाली, "बरं. तू जेवलास का?" मी जेवलो नव्हतो, पण हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत शिरलो तेव्हा तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढून चेहऱ्यावर घेतली. मला वाटलं उजेड लागत असेल. पडदा ओढला, पण ओढणी तशीच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या बाईसमोर ती उघड्या तोंडाने असायची, तिच्याकडून तोंड पुसून घ्यायची, पट्टी बदलून घ्यायची. शेजारीण येऊन बसायची तेव्हाही काही नाही. ती विद्यार्थिनी दर शनिवारी यायची, तिच्याशी तर जमेल तसं हसायची म्हणे. माझी चाहूल लागली की ओढणी. ओढणीआडून बोलायची सगळं. मेट्रोला गर्दी होती का, मुनिरक्यातल्या मुलांचे निकाल लागले का, नवं काम मिळालं का. आवाजात कुठे राग नव्हता. एकदा न राहवून मी म्हटलं, "ताई, माझ्यापासून काय लपवतेस?" ती आतून म्हणाली, "राहू दे रे. तू बघितलंयस पुष्कळ."

अडीच महिने असे गेले. ओढणीचा मोरपंखी रंग आणि तिच्या कडेची शिवण मला आजही जशीच्या तशी काढता येईल. तिचा चेहरा त्या दिवसांत कसा होता, मला ठाऊक नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्या बाईचा फोन आला आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चेहरा झाकलेला होता, मी तो तसाच राहू दिला. विद्यार्थिनीने गाडीची व्यवस्था केली, फुलं आणली. नोएडाच्या स्मशानात लाकडं रचून झाली आणि तिथला माणूस मला म्हणाला, "भाई साहब, आख़िरी बार मुँह देख लीजिए।" मी मान हलवून नको म्हटलं. त्याला वाटलं मी खचलोय. त्याने रीतीप्रमाणे कापड बाजूला केलं आणि विद्यार्थिनीने माझा दंड धरून मला पुढे नेलं. तिला ओढणीचं काहीच माहीत नव्हतं.

मला डोळे मिटता आले असते. मिटले नाहीत. तीस वर्षांची सवय, नजर आधी ओठांच्या रेषेवर गेली. रेषा सरळ होती. दोन्ही कोपरे एका पातळीत आले होते, दोन्ही पापण्या सारख्या मिटल्या होत्या. क्षणभर मला ताई पहिल्या रविवारसारखी दिसली आणि मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. मग मी नीट बघितलं. उजवी बाजू वर आलेली नव्हती. डावी खाली आली होती.